तळपायाची तीट

“राजवीरचे आई-वडील, आत या,” काउन्सेलर आसावरी मॅडमनी दारातून हाक दिली, आणि उभी मी राहिले.

नाव माझ्या पोरीचं नव्हतं. पण मी सकाळपासून पदर खोचून, चपला पायात घालून, फाईल छातीशी धरून बसले होते. दार उघडलं की उठायचं एवढंच डोक्यात होतं. सगळा बाक माझ्याकडं बघायला लागला. परत खाली बसायची लाज वाटली, म्हणून पाण्याच्या फिल्टरपाशी गेले आणि तहान नसताना दोन ग्लास पाणी प्याले. वळून बघितलं तेव्हा राजवीरची आई आत जात होती आणि तिच्या नवऱ्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला होता. तो हात मला अजून दिसतो. माझा नवरा रणजित तेव्हा इचलकरंजीत यंत्रमागावर उभा होता. त्याची रजा संपली होती.

आठ वर्षं झाली. पुण्यातलं मोठं हॉस्पिटल, तिसरा मजला, लहान मुलांचं आयसीयू. आत काचेपलीकडं मुलं, बाहेर बाकावर आया. तिथं आयांना नाव नसतं. मी सहा नंबरच्या आर्वीची आई, ती सात नंबरच्या राजवीरची आई. ती हिंगोलीकडची, नवरा आश्रमशाळेत मास्तर. तिचं नाव गंगासागर आहे हे मला बारा दिवसांनी कळलं, तेही कागदावर वाचून.

आर्वी सात महिन्यांची होती. चांगली बसायला लागलेली पोरगी एक दिवस बसता बसता कलंडली. मग मान टाकली. मग थाळी आपटली तरी दचकेना. मग श्वास. इचलकरंजीतून सांगलीला, सांगलीतून पुण्याला. गळ्यात नळी, नळीच्या टोकाला मशीन, मशीन श्वास घेणार आणि माझी पोरगी नुसती पडून. सगळ्या तपासण्या झाल्या. काही सापडेना.

डॉक्टर पंडित मॅडमनी मला कागदावर रेघा काढून सांगितलं होतं. “आता तिची जनुकं वाचायला हवीत. म्हणजे शरीर कसं चालवायचं याच्या सूचना असतात ना रक्तात, त्या सगळ्या. त्यात कुठं चूक आहे ते सापडलं, तर कदाचित औषधही सापडेल. नेहमीच्या तपासणीला दोन-तीन महिने लागतात. इतका वेळ हिच्याकडं नाही. एक जलद तपासणी असते, पाच-सहा दिवसांची. ती एका संशोधनातून होते, फुकट. पण मोजक्याच मुलांची होते. कुणाची करायची ते आम्ही डॉक्टर दर मंगळवारी बसून ठरवतो.”

दारातून हाक आली त्या मंगळवारी एकच जागा होती आणि नावं दोन होती. सहा नंबर आणि सात नंबर.

त्याच्या आधी आम्ही दोघी एका कपातला चहा बशीत वाटून प्यायचो. सोमवारपासून बोलणं बंद. ती बाकाच्या त्या टोकाला, मी या टोकाला.

मंगळवारी दुपारी राजवीरचं रक्त काढलं. मग आईचं, मग बापाचं. तिघांचं लागतं. थर्माकोलचा एक डबा लिफ्टमधून खाली गेला. मी त्या डब्याकडं जसं बघितलं तसं मी माझ्या लग्नात नवऱ्याकडंही बघितलं नव्हतं.

पुढचे दोन दिवस मी काय केलं ते सांगते. झाकून काय उपयोग.

आत जायची वेळ झाली की आम्ही टोप्या-गाऊन घालून आपापल्या मुलापाशी उभ्या राहायचो. मधे एक पडदा, तोही अर्धा. मी आर्वीचा हात धरून राजवीरकडं बघत राहायचे. तो वर्षाचा, गोरा, कुरळ्या केसांचा. त्याच्या मशीनची घंटा वाजली की मी आधी आर्वीच्या मशीनकडं बघायचे, आणि ती आपली नाही, त्याची आहे हे कळलं की परत त्याच्याकडं. बरं वाटायचं. चक्क बरं वाटायचं. एकदा मनात आलं, हा आजच गेला तर त्याचा डबा परत बोलावतील का. रक्त तर गेलेलं. पण मन असं हिशेबी असतं होय? ते नुसतं हपापलेलं असतं.

त्याच्या डाव्या तळपायाला काजळाचा काळा ठिपका असायचा. सिस्टर ओरडायची, “राजवीरची आई, किती वेळा सांगायचं? इथं काजळबिजळ चालत नाही. इन्फेक्शन होतं.” ती मान हलवायची आणि दुसऱ्या दिवशी ठिपका परत तिथंच. मी मनात म्हणायचे, मास्तरीण आणि एवढी अडाणी. कुणाची नजर लागायची राहिलीय हिच्या पोराला, नळ्यांनी भरलेल्या?

बाहेर बाकावरच्या बायकांना मी सांगितलं, “तिच्या नवऱ्याला आमदाराचा फोन आला होता. म्हणून नंबर लागला. आपल्यासारख्या मागाच्या कांड्या भरणाऱ्यांच्या पोरी मरायलाच असतात.” मी फोन बघितला नव्हता. मला फोन दिसायला हवा होता, म्हणून मी तो तयार केला. बायकांनी तो लगेच खरा केला. एकीनं तर आमदाराचं नावसुद्धा सांगितलं.

गुरुवारी दुपारी कपडे पिळायच्या मोरीपाशी तिनं मला गाठलं.

“आर्वीची आई, थांबा जरा. बायांना काय सांगितलं तुमी?”

“काय सांगितलं?”

“आमदाराचा फोन आला म्हून.”

“आला नसंल तर झोंबतंय कशाला?”

“आमच्या गावाला पावसाळ्यात चार महिने एस्टी येत नाही. आमदार कुठून येतोय?” तिचा आवाज चढला नाही. तिनं पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. “आमचा नंबर कशानं लागला ते मला मॅडमनं सांगितलंय. हे वाचा. वाचता येतंय ना?”

“नववी झालीय माझी.”

“मग वाचा.”

तोच फॉर्म होता जो आधीच्या आठवड्यात माझाही भरून घेतला होता. वर तिचं नाव, गंगासागर. खाली मास्तरी अक्षर: पती-पत्नी नात्यातील आहेत का? होय, पत्नी ही पतीच्या मामाची मुलगी. यापूर्वी दगावलेले अपत्य? एक. मुलगी. वय दहा महिने. लक्षणे हीच.

“एकाच घराचं रक्त दोहीकडून आलं की असला आजार दबा धरून बसतो म्हणं,” ती म्हणाली. “आन् आधीचं लेकरू तसंच गेलं आसंल, तर हे रक्तातलंच हाय म्हून डॉक्टरची खात्री पटते. म्हून आमाला आधी घेतलं. माझी पोरगी मेली म्हून माझ्या पोराचा नंबर लागला, आर्वीची आई. वशिला म्हणाल तर हा.”

कागद घडी घालून तिनं पिशवीत ठेवला आणि पिळे उचलून गेली. मी माफी मागितली नाही. मला तेव्हा दुसरंच ऐकू येत होतं.

पतीच्या मामाची मुलगी.

हौसाबाई म्हणजे माझी सासू आणि माझ्या बापाची सख्खी थोरली बहीण. जन्मल्यापासून तिला आत्या म्हणत आले, लग्नानंतरही आत्याच. तिच्या लेकाला मी दिली, हे आमच्यात इतकं सरळ आहे की त्यात सांगण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटतच नाही. आणि फॉर्म भरताना झालं होतं ते असं:

“लग्न नात्यातलं आहे का? रक्ताच्या नात्यातलं?” आसावरी मॅडमनी विचारलं होतं.

आत्या माझ्याआधी बोलली. “न्हाई हो. देवक बघूनच केलंय. लग्नात मांडवाला जे देवक बांधत्यात, ते हिच्या माहेरचं कळंब, आमचं पंचपल्लव. एका रक्तात कोण पोरगी करतंय? आमी काय तसली माणसं हाय काय?”

“आणि आधीचं मूल?”

“हे पयलंच.”

मॅडमनी दोन्हीकडं ‘नाही’वर खूण केली. मी फरशीकडं बघत होते.

हे पहिलं नव्हतं. आर्वीच्या आधी सोहम होता. साडेआठ महिन्यांचा होऊन गेला. आधी मान टाकली, मग धाप. गावातल्या डॉक्टरनं न्यूमोनिया म्हटलं, आम्ही न्यूमोनिया म्हटलं.

मोरीवरून मी थेट खाली गेले. आत्या झाडाखालच्या कट्ट्यावर भाकरी सोडून बसली होती.

“आत्या, खोटं का सांगितलंस?”

“कसलं खोटं?”

“मी तुझ्या भावाची लेक न्हवं?”

“मग? भावाची हाईस, भाऊकीतली न्हाईस. देवक येगळं म्हटल्यावर रक्त येगळंच की गं. आजा-पणजापासनं मामाची पोरगी करत आलाव आपुन. आन् आता ह्या पोरीसोरी मला रक्त शिकवनार?”

“आणि सोहम?”

तिनं हातातला तुकडा फडक्यावर ठेवला. “सोहमचं सांगितलं असतं तर तुलाच बोलले असते. हिची कूसच तसली म्हनले असते. मी तुला झाकलं, वैजू.”

देवकाचं ती मनापासून खरं मानून बोलली होती. सोहमचं खोटं बोलली. आणि ते मी शेजारी बसून ऐकून घेतलं होतं. तोंड मलाही होतं.

राग मला आत्याचा यायला पाहिजे होता, नाहीतर स्वतःचा. मला आला गंगासागरचा. तिनं खरं सांगितलं म्हणून. तिच्या नवऱ्याला ते लिहिता आलं म्हणून. मेलेली पोरगी तिनं फडक्यात गुंडाळून ठेवली नाही, कागदावर मांडली म्हणून.

“जेव तू,” मी आत्याला म्हटलं. “मी वर जाऊन सांगणार हाय.”

“रणजितला तरी इचार.”

“रणजित मागावर हाय.”

डॉक्टर पंडित उभ्याउभ्या काहीतरी लिहीत होत्या. मी सांगायला लागले आणि त्यांनी पेन खाली ठेवलं. मी दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या, आत्याची आणि सोहमची. मला वाटलं, आता ओरडतील. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“सोहमचे काही कागद आहेत?”

“एक चिठ्ठी होती. फाडली.”

“त्याला आवाज ऐकू यायचा का? शेवटी शेवटी?”

मी आठवायला लागले. खुळखुळा. रणजित खुळखुळा वाजवून दमायचा आणि म्हणायचा, मोठा साहेब हाय हा, बघतच न्हाई. मी मान हलवली. नाही.

त्यांनी लगेच फोन काढला. “पुढच्या मंगळवारची वाट बघत नाही. आजच सगळ्यांशी बोलते. तिच्या वडलांना उद्या दुपारपर्यंत बोलवून घ्या.”

शुक्रवारी रणजित आला, कपड्यांवर सुताचे कण तसेच घेऊन. तिघांचं रक्त गेलं. तसलाच डबा, तीच लिफ्ट. मी बाकावर आले तेव्हा गंगासागर तिच्या टोकाला बसली होती. तिनं डबा बघितला. “झालं?” तिनं विचारलं. मी मान हलवली. ती जराशी सरकली, जागा केल्यासारखी. मी माझ्या टोकालाच बसले.

सोमवारी राजवीरचा निकाल आला. दोघं आत गेली, चाळीस मिनिटं बाहेर आली नाहीत. आली तेव्हा मास्तर पुढं होता आणि त्याचे हात मोकळे लोंबत होते. ती भिंत धरत धरत बाकापर्यंत आली. शेजारच्या बाईनं विचारलं, “सापडलं का हो?”

“सापडलं,” ती म्हणाली. “एवढं मोठं नाव हाय. ह्यांनी लिहून घेतलंय. औषध नाही त्याला. जगात कुठंच नाही.”

तेव्हा माझ्या मनात काय आलं? आलं ते हे: आधी मिळालं ना तुला, घे. क्षणभरच आलं. पण आलं. आठ वर्षं मी तो क्षण घासतेय, निघत नाही.

गुरुवारी आम्हाला बोलावलं. रणजित, मी आणि आत्या. आत्याला यायचं नव्हतं, मी दंडाला धरून नेलं.

“सापडलं आहे,” डॉक्टर पंडित म्हणाल्या. त्यांचे डोळे लाल होते आणि चेहरा हसरा. मला काही कळेना. “तिच्या शरीरात एक जीवनसत्त्व पेशींपर्यंत पोचत नाही. बी-टू. ते नेणारा हमालच बिघडलेला आहे. आई-वडील दोघांकडून तीच चूक आली. पण आपण ते भरपूर दिलं, तर हमाल नसला तरी थोडं थोडं पोचतं. गोळ्या आहेत. पिवळ्या. साध्या असतात.”

“गोळ्या?” रणजित म्हणाला. “नुसत्या गोळ्या?”

“जन्मभर. गेलेलं सगळंच परत येईल असं नाही सांगत मी. ऐकू येणं कदाचित येणार नाही. पण श्वास येण्याची चांगली आशा आहे.”

“मॅडम,” मी म्हटलं, “सोहमला हेच होतं?”

त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. “आता खात्रीनं सांगता येणार नाही. पण असू शकतं.”

आत्या खुर्चीवरून उठून जमिनीवर बसली. रडली नाही. “साध्या म्हनाल्या न्हवं?” एवढंच तिनं मला विचारलं. “गोळ्या. साध्या म्हनाल्या.”

बाहेर आले तर गंगासागर दारापाशीच उभी.

“तुमचं काय निघालं?”

मी तिच्याकडं बघितलं. तिचे डोळे खोल गेले होते आणि ती माझ्या तोंडाकडं असं बघत होती की मी हातातली फाईल छातीशी धरली. तसं बघणं मला ठाऊक होतं. मी तसंच बघत आले होते. पोरगी अजून मशीनवर होती, गोळी अजून पोटात गेली नव्हती, आणि ही बाई.

“काही नाही,” मी म्हटलं. “आमचंबी काही नाही निघालं.”

“अगं आई,” ती म्हणाली आणि तिनं माझा हात धरला. मी धरू दिला.

खोटं दोन दिवस टिकलं. शनिवारी सकाळी आत गेले तर आर्वीच्या लघवीच्या पिशवीत हळद कालवल्यासारखं पिवळंजर्द. मी किंचाळले, “सिस्टर! कावीळ झाली हिला, कावीळ!”

“कावीळ नाही हो बाई,” सिस्टर पलीकडून मोठ्यानं म्हणाली. “तुमच्या पिवळ्या गोळ्यांचा रंग आहे तो. औषध चालू झालं ना तिचं! हसा की जरा.”

पडदा अर्धाच असायचा. पलीकडं गंगासागर राजवीरचे पाय चोळत होती. तिचे हात थांबले. तिनं पिशवीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग परत पाय चोळायला लागली.

त्यानंतर ती मला काही बोलली नाही. गोळ्या सुरू झाल्याच्या नवव्या दिवशी आर्वीनं माझं बोट धरलं. नुसतं धरलं नाही, आवळलं. मी तोंडात पदर कोंबून रडले, आवाज पलीकडं जाऊ नये म्हणून. गेला असणारच.

त्याच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी, राजवीर गेला. पडदा त्या दिवशी पूर्ण ओढला होता. मास्तर कागदांवर सह्या करायला खाली गेला. मी आर्वीपाशी होते. पडदा हलला आणि गंगासागर आत आली. डोळे कोरडे. मी नकळत खाटेच्या आणि तिच्या मधे उभी राहिले.

“व्हा बाजूला,” ती म्हणाली. “खात नाही मी तिला.”

मी झाले.

तिनं कमरेची डबी काढली, पितळेची, बोटाएवढी. करंगळी काजळात बुडवली. आर्वीचा पाय उचलला आणि डाव्या तळपायाला ठिपका लावला. नीट गोल केला.

“राजवीरची आई...”

“लागंल तिला,” ती म्हणाली. “माझीच लागंल. इतके दिस झाले, मी तिच्याकडं बघते आन् माझ्या पोटात काय काय येतंय ते मला ठाऊक हाय. मी जाऊस्तोवर राहू द्या. मग पुसा.”

मी काहीतरी बोलायला गेले, आमदाराचं, खोट्याचं, कशाचं तरी. तिनं डबी बंद केली.

“तुमची नजर मला पहिल्या दिवसापासून दिसत होती,” ती म्हणाली. “सिस्टर रोज ओरडायची, तरी मी तीट लावायची. ती तुमच्यासाठी होती.”

ती गेली. खाली गाडी लागली होती. मी खिडकीपाशी गेले नाही.

आर्वी आता तिसरीत आहे. कानामागं यंत्र आहे, चालताना डावा पाय जरा ओढते, आणि भांडायला मला भारी आहे. रोज सकाळी पिवळ्या गोळ्या ती स्वतः मोजून घेते. आत्या समोर बसून त्या गिळेपर्यंत बघते.

राजवीर गेला त्या दिवशी सिस्टरनं स्पिरिटचा बोळा आणून दिला होता. “पुसा ते, आर्वीची आई. राउंड आहे.”

“राहू दे आजच्या दिवस,” मी म्हटलं.